आडोसा आणि आरसा : मराठी प्रेमगीतातील निसर्ग

प्रेमकवितेतील निसर्गप्रतिमांचा अर्थ काय, असा प्रश्न वर्गात विचारला की बहुतेक वेळा एकच उत्तर येते. निसर्ग हा प्रेमिकांच्या मनाचा आरसा आहे. पाऊस म्हणजे ओढ, चांदणे म्हणजे मीलन, ओसाड माळ म्हणजे विरह. रसग्रहणाच्या उत्तरपत्रिकेत या वाक्याला गुण मिळतात आणि ते मिळू नयेत असे म्हणण्याचे कारणही नाही. केशवसुतांनंतरच्या अनेक कविता या किल्लीने उघडतात. मात्र हीच किल्ली आपण आपल्या भूमीतील दोन हजार वर्षांच्या प्रेमगीताला लावू लागलो की अडचण येते. कुठे भात उत्तम पिकलेला असतो आणि नायिका मान खाली घालून रडत असते. कुठे नदीकाठ रमणीय असतो आणि नायिका तिथे सिंह आल्याची खबर देत असते. मनाचा आरसा म्हणून पाहू गेल्यास या प्रतिमा निरर्थक ठरतात, किंबहुना उलट अर्थाच्या वाटतात.

आरशाची ही कल्पना मराठी प्रेमगीतात तुलनेने नवी आहे, असे प्रस्तुत लेखात सुचवायचे आहे. त्याआधी फार मोठा काळ निसर्गाचे काम वेगळे होते. तो प्रेमिकांसाठी आडोसा होता : कधी भेटीचा, कधी बोलण्याचा. ही गोष्ट ध्यानात घेतली की निसर्गप्रतिमेला विचारायचा प्रश्नच बदलतो. 'या प्रतिमेतून कोणती भावना व्यक्त होते?' याआधी 'ही प्रतिमा काय झाकते, आणि कोणापासून?' असे विचारावे लागते.

आरंभ अर्थातच 'गाथासप्तशती'पासून करायला हवा. महाराष्ट्री प्राकृतातील सातशे गाथांचा हा संग्रह परंपरेने हाल सातवाहनाच्या नावावर आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे गोदाकाठचे पैठण. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरिता'च्या आरंभी सातवाहनाच्या सुभाषितकोशाचा गौरव केला आहे. आज आपल्या हाती असलेला ग्रंथ मात्र एका काळाचा किंवा एका हातचा नाही. शतकानुशतके त्यात गाथा मिसळत आणि त्यातून गळत गेल्या. जर्मन पंडित आल्ब्रेख्ट वेबर यांनी १८८१ मध्ये संपूर्ण संहिता प्रसिद्ध केली, तेव्हा निरनिराळ्या पाठपरंपरांत समान अशा सुमारे ४३० गाथाच भरल्या. मराठी वाचकाला हा ग्रंथ खऱ्या अर्थाने उपलब्ध झाला तो स. आ. जोगळेकरांच्या १९५६ च्या आवृत्तीमुळे.

गाथा म्हणजे दोन ओळींचे छोटे मुक्तक. तिला मागचा-पुढचा प्रसंग नसतो. कोण बोलते आहे, कोणाशी बोलते आहे, तिसरे कोण ऐकते आहे, हे बहुधा सांगितलेले नसते. ते वाचकाने भरून घ्यायचे. या कवितांतले जग शेताचे, नदीकाठच्या वेतांच्या झाडीचे, विंध्याच्या पायथ्याच्या पाड्यांचे आहे. त्यातील एका गाथेत भाताची शेते पिकून पांढुरकी होऊ लागली आहेत आणि एक तरुणी खाली मान घालून रडते आहे. तिची मैत्रीण तिला समजावते, की रडतेस कशाला, पलीकडे तागाचा मळा बघ कसा पिवळा रंग चढवून नटीसारखा सजला आहे. गाथा एवढ्यावरच संपते. भात पिकले याचे दुःख का, आणि तागाला फुले आली यात सांत्वन कोणते?

शेती ठाऊक असलेल्याला याचे उत्तर सांगावे लागत नाही. भात पिकले म्हणजे आता कापणी होणार आणि जमीन उघडी पडणार. या शेतात जो आडोसा होता, तो जाणार. ताग सरळ, उंच आणि दाट वाढतो. पिवळी फुले आली म्हणजे त्याची पुरती वाढ झालेली असते. मैत्रीण एका पिकाच्या जागी दुसरे पीक सुचवते आहे. येथे पिवळा रंग आनंदाचे प्रतीक नाही आणि पांढुरके भात उदासीचे प्रतीक नाही. दोन्ही मिळून एक माहिती आहे, आणि ती उघड्यावर, चारचौघांत सांगता येईल अशा शब्दांत दिलेली आहे. बाजूने जाणाऱ्या सासूला ऐकू आले तरी दोघी पिकाविषयीच बोलत आहेत असे वाटेल. दुसऱ्या एका गाथेत कापसाच्या शेतात नांगर धरण्याचा मंगल दिवस आहे. नांगराची पूजा करताना एका स्त्रीचा हात थरथरतो. पेरणीही झालेली नाही. पण वाढलेल्या कपाशीचा आडोसा तिला आताच दिसतो आहे.

नदीकाठच्या सिंहाची गाथा तर भारतीय साहित्यशास्त्राच्या इतिहासातच जाऊन बसली आहे. एक धार्मिक गृहस्थ फुले वेचायला रोज गोदावरीच्या काठी येत असतो. त्याला तिथल्या कुत्र्याची भीती वाटते. एक स्त्री त्याला म्हणते, की आता निर्धास्त फिर, त्या कुत्र्याला गोदाकाठच्या कुंजात राहणाऱ्या सिंहाने मारले. शब्दांचा अर्थ निमंत्रणाचा आहे आणि अभिप्राय नेमका उलटा : इथे पाऊल टाकू नकोस. कारण तो कुंज तिच्या भेटीचा आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त वाच्यार्थाहून वेगळा असा व्यंग्यार्थ असतो हे सिद्ध करताना ही गाथा उदाहरण म्हणून पुढे ठेवली. पुढे अकराव्या शतकात महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त ध्वनी म्हणजे अनुमानच, असा आक्षेप घेतला आणि त्याने आधारासाठी घेतलेल्या उदाहरणांत हीच गाथा होती. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त त्याचे खंडन केले, तेही याच गाथेच्या निमित्ताने. गोदावरीपासून शेकडो कोस दूर बसलेल्या तीन पंडितांनी एका मराठमोळ्या नदीकाठच्या झुडपावरून शब्दशक्तीचा वाद खेळावा, ही गोष्ट आपण पुरेशा कौतुकाने शिकवत नाही.

ध्वनिसिद्धान्त शिकवताना आपण व्याख्या पाठ करून घेतो, पण ही गाथाच उदाहरण म्हणून का सुचली असावी याकडे लक्ष देत नाही. उघड बोलण्याची मुभा नसलेली व्यक्ती बोलते, तेव्हा तिच्या शब्दांत दोन थर पडतात. वरचा थर निसर्गाचा : कुंज, सिंह, कुत्रा. खालचा थर तिचा. व्यंग्यार्थ हा कवीचा अलंकार होण्यापूर्वी त्या स्त्रीची गरज होता, असे या गाथा वाचताना जाणवते.

यावर दोन आक्षेप घेता येतील आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत. पहिला असा, की प्रत्येक गाथेत संकेतस्थळ शोधण्याची टीकाकारांना खोडच होती. गंगाधरासारखे संस्कृत टीकाकार साध्या निसर्गचित्रालाही 'ही कुलटेची उक्ती' अशी पाटी लावतात. कमळाच्या पानावर निश्चल बसलेली बगळी दिसली, की हे स्थळ निर्जन आहे म्हणून भेटीला योग्य, असा अर्थ काढला जातो. हा उत्साह काही ठिकाणी नक्कीच अतिरेकी आहे. निसर्ग केवळ डोळे भरून पाहिलेला असा गाथांत आहेच. तरीही टीकाकारांची सवय पूर्ण निराधार नव्हती. चित्र कोणीतरी कोणाला तरी दाखवत आहे, हे त्यांनी गृहीत धरले होते. आपण आज चित्र तेवढे पाहतो आणि दाखवणारीला विसरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या स्त्रिया खरोखर बोलल्या काय? गाथांच्या कर्त्यांत रेवा, माधवी अशी काही स्त्रियांची नावे परंपरेने सांगितली आहेत, पण बहुसंख्य कर्ते पुरुष आहेत आणि संग्रह दरबारात सिद्ध झालेला आहे. खेड्यातली चतुर स्त्री ही नागर पुरुषांच्या मौजेची वस्तूही असू शकते. मग निसर्गाचा आडोसा नायिकेला मिळाला, तसा त्या नायिकेचा आडोसा कवीला मिळाला असे म्हणावे लागेल. हा प्रश्न पुढे लावणीत आणि भावगीतातही आपला पाठलाग करणार आहे, म्हणून तो येथे मिटवण्याची घाई करू नये.

आडोशाखेरीज निसर्गाचे दुसरे जुने काम दिनदर्शिकेचे होते. येथे दक्षिणेकडे एक नजर टाकणे उपयोगी ठरेल. प्राचीन तमिळ संघम् काव्यात प्रेमकवितेसाठी पाच भूप्रदेश ठरलेले आहेत. त्यांना 'तिणै' म्हणतात. डोंगराळ 'कुरिंजी' हा मीलनाचा, रानाचा 'मुल्लै' हा धीराने वाट पाहण्याचा, शेतीचा 'मरुदम्' हा रुसव्याचा, समुद्रकाठचा 'नेय्दल' हा शोकाचा, आणि कोरडा 'पालै' हा ताटातुटीचा. 'तोल्काप्पियम्' या व्याकरणग्रंथात प्रत्येक प्रदेशाबरोबर त्याचा ऋतू आणि दिवसाचा प्रहरसुद्धा नेमून दिला आहे. मुल्लैचा ऋतू पावसाळा आणि वेळ संध्याकाळची. पाऊस सुरू होण्याआधी परतेन असे सांगून नवरा गेलेला असतो. जॉर्ज हार्ट यांनी १९७५ मधील आपल्या ग्रंथात संघम् काव्य आणि गाथासप्तशती यांतील साम्यांचा सविस्तर विचार केला आणि दोहोंच्या मुळाशी दख्खनची एक समान लोकपरंपरा असावी असे मांडले. हे मत सर्वांना मान्य नसेल, पण पावसाच्या बाबतीत तरी दोन्हीकडचे गणित एक आहे.

ते गणित रस्त्यांचे होते. पावसाळ्यात नद्या भरत, चिखलाने वाटा बंद होत. व्यापारी, सैनिक, वाटसरू यांना त्याआधी घर गाठावे लागे. ज्याला जमले नाही तो चार महिने बाहेरच. म्हणून पहिला ढग दिसला की घरातल्या स्त्रीच्या दृष्टीने तो शेवटची तारीख सांगणारा ढग असे. कालिदासाच्या 'मेघदूता'तील यक्षाचे दुःखही तारखांत मोजलेले आहे : आषाढात ढग दिसतो आणि शाप कार्तिकात, विष्णू शेषशय्येवरून उठतो तेव्हा संपायचा असतो. ज्या रामगिरीवर हा यक्ष राहतो, तो वा. वि. मिराशी यांच्या मते आपला नागपूरजवळचा रामटेक. यक्षाची विरहकथा अलौकिक आहे, पण तिचा हिशेब चातुर्मासाचा आहे आणि तो त्या काळच्या प्रत्येक घराला कळणारा होता.

हाच हिशेब मराठी भाषेत पुढे चालू राहतो. ज्ञानदेवांच्या विरहिणींत कावळ्याचा शकुन, मेघ आणि वारा, दाह करणारे चंदन ही सगळी लौकिक विरहाची सामग्री आहे. प्रियकराच्या जागी मात्र विठ्ठल आला आहे. भक्तीने प्रेमगीताची भाषा उसनी घेतली, असे आपण म्हणतो. त्याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. प्रियकराची वाट पाहणाऱ्या स्त्रीची ही सगळी भाषा आता देवघरात, कीर्तनात, दिंडीत उघडपणे गाता येऊ लागली. आडोसा पिकाचा होता, तो देवाचा झाला. ज्ञानदेवांचा हेतू तसा होता असे मला म्हणायचे नाही. त्यांचा अनुभव त्यांच्या ठिकाणी पूर्ण आहे. पण गाणाऱ्या ओठांनी त्या शब्दांत आणखी काय भरले असेल, हे गृहीत धरायला इतिहास आड येत नाही.

उत्तर पेशवाईतील शाहिरांच्या, म्हणजे राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या काळातील शृंगारिक लावणीत पावसाचे जुने गणित पुन्हा प्रखर होते. मराठ्यांची मुलूखगिरी दसऱ्याच्या सीमोल्लंघनाने सुरू होई आणि पावसाळ्यापूर्वी फौजा परतत. पती स्वारीवर गेलेली नायिका बारा महिने मोजते, ते याच क्रमाने. लावणीत निसर्गाचे आणखी एक काम आहे. तेथे बाग, फळ, भुंगा, पाखरू या प्रतिमा देहासाठी येतात. आडोसा येथे इतका पातळ आहे की तो जवळजवळ दाखवण्यासाठीच धरलेला असतो. श्रोत्यांना खालचा थर कळलेला असतो, आणि आपल्याला कळला आहे हे इतरांनाही कळावे यात फडाची मजा असते. शब्द पुरुष शाहिराचे, उक्ती स्त्रीची, पुढे पुरुष श्रोते : गाथेच्या वेळचा दुसरा आक्षेप येथे अधिक ठळकपणे उभा राहतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षणाने घडलेल्या मध्यमवर्गाला ही लावणी घरात नकोशी झाली. त्याच वेळी इंग्रजी रोमँटिक कवितेच्या परिचयातून प्रेमाचे आणि निसर्गाचे वेगळे नाते त्याच्यासमोर आले. केशवसुतांनी (१८६६–१९०५) कवीच्या 'मी'ला मध्यभागी आणले. बालकवींनी (१८९०–१९१८) निसर्गालाच सजीव, भावनाशील व्यक्ती केले. भा. रा. तांबे यांनी गेयतेची वाट रुंद केली. १९२३ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाचा प्रघात पाडला. आरशाची कल्पना आली ती या काळात. निसर्ग आता बाहेरची जागा राहिला नाही, तो आतल्या अवस्थेचे नाव झाला. तळे, सांज, चांदणे यांचा पत्ता विचारण्याचे कारण उरले नाही.

या वळणावर मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची 'शीळ' उभी आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी गायक जी. एन. जोशी यांनी ती ध्वनिमुद्रित केली आणि मराठी भावगीताचा आरंभ अनेक जण या ध्वनिमुद्रिकेपासून मानतात. ही कविता आरशाच्या काळात लिहिली गेली असली तरी तिचा जीव जुना आहे. बोलणारी खेड्यातली स्त्री आहे. प्रियकराची शीळ रानभर जाते आणि त्याला काळवेळेचे भान नाही, अशी तिची लाडिक तक्रार आहे. शीळ आणि कुळशीळ या शब्दांचा खेळ कवीने मांडला आहे. एका शब्दात बोलावणे आहे, दुसऱ्यात घराण्याची अब्रू. या कवितेत रानाचे काम गाथेतल्या तागाच्या मळ्याच्या नेमके विरुद्ध आहे. तिथे पीक गुपित झाकत होते. इथे रान गुपित पसरवते. आवाज लपवायला झुडपे पुरत नाहीत. तक्रारीतला आनंदही तिथूनच येतो, कारण जे झाकायचे ते सगळ्यांना ऐकू गेले आहे.

येथे 'रान' या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. मराठीत रान म्हणजे अरण्य आणि रान म्हणजे कसायची जमीनसुद्धा. 'घरची सगळी रानात गेलीत' असे खेड्यात कोणी म्हणाले तर ती खुरपायला किंवा मळणीला गेलेली असतात. शहरातला वाचक हा शब्द ऐकतो तेव्हा त्याला पहिला अर्थ आठवतो : दाट, गूढ, एकान्ताचे. खेड्यातल्या वाचकाला दुसरा अर्थही ऐकू येतो, आणि त्या अर्थाच्या रानात माणसे असतात, कामे असतात, ओळखीचे कान असतात. शीळ ऐकू जाण्याची धास्ती या दुसऱ्या अर्थातच आहे. आरशाची किल्ली लावली की हा अर्थ हातचा निसटतो.

ध्वनिमुद्रिकेने या कवितेचे आणखी एक स्थानांतर केले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटे बसत. एवढ्यात गीताला स्वतःचे वातावरण उभे करायचे असे. ते ऐकणारा माणूस मेहकरच्या रानात नव्हता. तो पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यात होता, आणि स्त्रीची ही उक्ती तो एका पुरुषाच्या आवाजात ऐकत होता. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले होते; पुढील दोन-तीन दशकांत रेडिओ घरोघर पोहोचला. आता झाड, नदी, तारा यांची नावे ऐकणाऱ्याला ओळखीची जागा दाखवू शकत नव्हती. ती वातावरण निर्माण करू शकत होती, आणि भावगीताने ते काम फार सुंदर केले.

१९६० च्या दशकातले 'शुक्रतारा' हे गीत घ्या. शब्द मंगेश पाडगावकरांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचे, स्वर अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे. तारा, वारा, चांदणे, पाणी यांच्या साहाय्याने या गीतात एक मृदू अवकाश तयार होतो आणि दोन पिढ्या त्यात रमल्या. शुक्र हा ग्रह सूर्यापासून ४७ अंशांहून अधिक दूर कधीच दिसत नाही. म्हणजे आपल्याकडे तो एकतर सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी सुमारे तीन तासांच्या आत दिसतो. मध्यरात्री माथ्यावर कधीच नाही. ज्या समाजाजवळ घड्याळ नव्हते त्याला ही वेळेची नेमकी खूण होती आणि संकेत म्हणून ती वापरता आली असती. भिंतीवर घड्याळ असलेल्या घरात ती खूण वेळ सांगत नाही. ती हुरहुर सांगते. आडोसा आणि दिनदर्शिका यांचे रूपांतर आरशात कसे झाले, याचे हे चांगले उदाहरण आहे.

येथपर्यंत आल्यावर कोणी म्हणेल, की मग ही ऱ्हासाची कहाणी झाली. गाथेत खरे शेत होते आणि भावगीतात नुसते चांदणे. मला तसे वाटत नाही. रेडिओ जिथे ठेवलेला असे ती खोली आठवून पाहावी. सासरे आरामखुर्चीत, सासू भाजी निवडताना, दारात शेजारीण, आत-बाहेर करणारी नवी सून. लावणी तिथे लागू शकत नव्हती. 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्यही त्या खोलीत मोठ्याने उच्चारणे अवघड होते. पण तारा, वारा, पारिजात आणि चांदणे यांच्या भाषेतले गीत सगळ्यांच्या देखत लागत असे आणि सगळ्यांच्या देखत ज्याला जे ऐकायचे ते ऐकता येत असे. म्हणजे आरसासुद्धा आडोसाच होता. पूर्वी निसर्ग प्रेमिकांना गावापासून झाकत होता. आता तो प्रेमगीतालाच घरापासून झाकत होता. भावगीतातले निसर्गचित्र मोघम असते अशी टीका होते. मोघमपणा हा त्या खोलीत शिरण्याचा परवाना होता.

यानंतर शेत प्रेमगीतात पुन्हा आले, ते ना. धों. महानोरांच्या (१९४२–२०२३) कवितेतून. अजिंठ्याच्या परिसरातल्या पळसखेड्याचा हा शेतकरी कवी. 'रानातल्या कविता' हा त्यांचा संग्रह १९६७ चा. त्याच्या नावातले रान दुसऱ्या अर्थाचे, कसायच्या जमिनीचे आहे. जब्बार पटेल यांच्या 'जैत रे जैत' (१९७७) या चित्रपटासाठी महानोरांची गीते हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केली आणि शहरी श्रोत्याने ती आपलीशी केली. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर आधारलेल्या या ठाकर समाजाच्या कथेतला डोंगर, तिथली झाडे आणि मधमाश्या हा पडद्यामागचा देखावा नाही. नायक-नायिकेचे जगणे आणि मरणे त्याच डोंगरावर ठरते. महानोरांच्या प्रेमकवितेत पाऊस, पीक आणि देह एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. गाथेशी त्यांचे नाते सांगताना अजिंठा आणि पैठण यांची जवळीक सांगितली जाते, पण खरे नाते भूगोलाहून अधिक कामाचे आहे : पीक उभे आहे की कापले, हे दोन्हीकडच्या कवितेला माहीत आहे. फरक असा, की महानोरांच्या नायिकेला झाकण्याची फारशी गरज उरलेली नाही. पीक येथे आडोसा असते तसे उत्सवही असते.

असो. या सगळ्याचा वर्गातल्या अध्यापनाशी काय संबंध, असा प्रश्न शेवटी उरतो. माझ्या मते संबंध थेट आहे. निसर्ग म्हणजे मनाचा आरसा, हे उत्तर आधीच तयार असते. ते लिहिण्यासाठी ना शेत माहीत असावे लागते, ना कविता. मराठीच्या वर्गात आज अनेक मुले-मुली शेतकरी घरांतून येतात. भात कापल्यावर जमीन कशी उघडी पडते, तागात माणूस कसा दिसेनासा होतो, पहिल्या पावसानंतर कोणती वाट बंद होते, हे त्यांना शिक्षकांपेक्षा अधिक चांगले माहीत असते. मात्र हे ज्ञान साहित्याच्या वर्गात उपयोगाचे नाही, असे आपणच त्यांना नकळत शिकवून ठेवले आहे. ती मुले आपले शेत दाराबाहेर ठेवून आत येतात आणि आरशाचे वाक्य लिहून जातात.

ताग आता बहुतेक ठिकाणी हिरवळीच्या खतासाठी पेरतात. दीड-एक महिन्यात, फुले येऊ लागली की तो उभाच्या उभा नांगराने जमिनीत गाडतात. गाथेतल्या मैत्रिणीने दिलेला दिलासा आज खोटा ठरला असता, कारण मळा नटीसारखा सजतो तीच त्याच्या गाडण्याची वेळ असते. पैठणला १९७६ मध्ये जायकवाडीचे धरण पूर्ण झाले, कालव्यांचे पाणी आले, आणि गोदेच्या त्या टापूत उसाचे फड उभे राहिले. ऊस तागापेक्षा उंच आणि दाट असतो, आणि वर्षभराहून अधिक काळ उभा राहतो. त्या टापूतल्या एखाद्या विद्यार्थिनीला भाताची ती गाथा वाचायला दिली आणि 'ती का रडते?' एवढेच विचारले, तर ती बहुधा आधी हसेल. मग वर्गात कोण कोण बसले आहे ते पाहील, आणि उसाविषयी काहीतरी बोलेल.